त्याच्या तारखेला कोण जातं?

प्रिय माई,

माझं वय 29. नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. स्थळ चांगलं आहे, मुलगा समजूतदार आहे. अडचण माझ्या धाकट्या भावाची आहे. तो पुण्यात डिप्लोमा करत होता. तिथे गांजा ओढायला लागला, मग होस्टेलच्या मुलांना आणून द्यायला लागला आणि तीन वर्षांपूर्वी 2 किलो 400 ग्रॅम मालासकट पकडला गेला. पेपरात नावानिशी आलं होतं. ज्या दोघांकडून तो माल आणायचा, तेही त्याच केसमध्ये आरोपी आहेत. सात महिने आत काढले, आता जामिनावर आहे. ओढणं सुटलंय. एका फ्लेक्सच्या प्रेसमध्ये रात्रपाळी करतो, मालकाला सगळं ठाऊक आहे. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. आई त्याचं ताट वरच्या खोलीत नेऊन ठेवते. दोघंही पार खचलेत. सोसायटीत अजून 'गांजावाल्याचं घर' म्हणतात.

थोरले काका म्हणतात, सासरी सांगायचं की तो मस्कतला असतो, आणि लग्नाचे पंधरा दिवस त्याला मामाच्या गावी ठेवायचं. कानपिळीला चुलतभाऊ आहेच. काका व्यवहारी आहेत, त्यांची बिअर शॉपी आहे, समाजात मान आहे. भाऊही "मला चालेल, ताई" म्हणाला. दर महिन्याला त्याची पुण्याला कोर्टात तारीख असते, पहाटेच्या एसटीनं एकटाच जातो-येतो, ती लग्नाच्या आसपास येऊ नये एवढं बघावं लागेल. होणाऱ्या नवऱ्याला खरं सांगू की काकांचं ऐकू? लग्न मोडलं तर आई-बाबांना सहन होणार नाही.

— एक बहीण, नाशिक

पोरी,

तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते देणार आहे. पण आधी तुझ्या पत्रातल्या त्या एसटीबद्दल बोलू. 'पहाटेच्या एसटीनं एकटाच जातो-येतो.' हे तू हॉल मिळेल की नाही, मुहूर्त कुठला धरायचा, त्या हिशोबात लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला मात्र तिथून पुढे जाता आलं नाही. नाशिकहून पुण्याला जायला पाच तास, यायला पाच तास. आदल्या रात्री प्रेसमध्ये जागरण. आणि तुमच्या घरातलं कुणी एकदाही त्याच्याबरोबर गेलेलं नाही.

तो तिथे कशासाठी जातो, हे घरात कुणी नीट समजून घेतलंय का? गांजाच्या बाबतीत कायद्यानं वजनाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. एक किलोच्या आत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा. तुझा भाऊ मधल्या पायरीवर आहे, आणि या पायरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. होईलच असं नाही. पण तो दर महिन्याला जिथे जाऊन उभा राहतो, तिथे त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा निकाल लागायचा आहे. तू मुहूर्ताच्या आड येऊ नये म्हणतेस ती तारीख ही आहे.

तारखेला तिथे काय होतं, तेही सांगते. ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे किंवा जामिनावर आहे, अशा बायकांची पत्रं मला कायम येतात, त्यामुळे मला ते पाठ झालंय. सकाळी अकराच्या आधी पोचायचं. कोर्टाबाहेरच्या बोर्डावर आपला नंबर शोधायचा. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात असतात, त्यांचा ज्युनियर 'थांबा' म्हणून निघून जातो. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचं. पाणी प्यायला उठायचं तरी जीव घाबरा होतो, कारण तेवढ्यात पुकारा झाला आणि आपण नसलो तर वॉरंट निघतं. दुपारी कधीतरी शिपाई नाव पुकारतो. आत जाऊन मागे उभं राहायचं. पंच आलेला नसतो, नाहीतर तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. पुढची तारीख. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी आख्खा दिवस आणि एका रात्रीची मजुरी जाते.

आता मला सांग, त्या बाकावर तुझ्या भावाच्या शेजारी कोण बसतं?

तूच लिहिलंयस. माल देणारे ते दोघं त्याच केसमध्ये आहेत. म्हणजे तारीखही तीच, बाकही तोच. ते त्याला 'काय रे, कसा आहेस' म्हणून विचारत असतील. कँटीनचा चहा पाजत असतील. जेवलास का, वकिलाचे पैसे भरलेस का, प्रेसमध्ये किती देतात, हेही विचारत असतील. घरी त्याला हे कोण विचारतं? बाबा बोलत नाहीत, आई ताट ठेवून खाली येते, तू मुहूर्त बघते आहेस. त्याला आपलं सगळं खरं सांगता येईल अशी माणसं जगात तीनच उरली आहेत, एक प्रेसचा मालक आणि बाकी ती दोन. उद्या त्यातला एखादा म्हणाला, की रात्रपाळीत जेवढं मिळतं तेवढं एका फेरीत मिळेल, तर 'नको' म्हणायला त्याच्या पाठीशी तुमच्यापैकी कोण आहे?

ही भीती मला वाटते. लग्न मोडण्याची नाही.

त्यानं केलं त्यावर मी पांघरूण घालत नाहीये, हेही सांगते. गांजा विकणं गुन्हा आहे. होस्टेलमधली मुलं सतरा-अठरा वर्षांची असतात आणि त्या वयात सतत गांजा ओढणाऱ्यांमध्ये गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगत आलेत. त्यातलं कुणी शिक्षणातून उठलं असेल, तर त्यात तुझ्या भावाचा वाटा आहे आणि तो त्यानं ओळखला पाहिजे. शिक्षा झाली तर भोगली पाहिजे. ती द्यायचं काम कोर्टाचं आहे आणि कोर्टाचं अजून काही ठरलेलं नाही. तुमच्या घराचं मात्र तीन वर्षांपूर्वीच ठरलं.

सोसायटीचं तर बोलूच नकोस. त्याच्याकडून घेणारी मुलं आज कुठे आहेत? बहुतेक नोकरीला लागली असतील, त्यांची लग्नं जमली असतील, आणि कुणाच्या आईला विचारलं तर 'कॉलेजात सगळेच करतात' म्हणेल. घेणाऱ्याचं ते वय, देणाऱ्याचं ते वळण. कायद्यातही फरक आहे, ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर खटल्यातून सुटायची वाटही आहे. विकणाऱ्याला जास्त शिक्षा असावी, हे मला मान्य आहे. पण कायद्यानं कुठेही असं म्हटलेलं नाही, की विकणाऱ्याचं ताट वर न्यावं आणि त्याच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या जागी चुलतभावाला उभं करावं.

आणि ही अढी आपल्याला वाटते तेवढी जुनीही नाही. 1985 चा कायदा येईपर्यंत या देशात गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती. तो परवाना घेऊन दुकान चालवणारा माणूस गावात चारचौघांसारखा राहायचा, त्याच्याही मुलींची लग्नं होत होती. आजही वाराणसीत आणि जैसलमेरात भांगेचं परवान्याचं दुकान भर रस्त्यावर आहे, कारण केंद्राच्या कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा धरला, नुसतं पान त्यात धरलं नाही. एकाच झाडाचं पान विकणारा दुकानदार आणि फुलोरा विकणारा आरोपी. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, तेव्हा भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. अर्थात आपल्याकडचा गुन्हा त्यानं गुन्हाच राहिला आणि तुझ्या भावाच्या केसला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी हे लिहिते आहे ते तुझ्या काकांसाठी. त्यांच्या दुकानातून बाटली घेऊन गेलेल्या माणसानं घरी जाऊन काय केलं, हे त्यांना कुणी विचारत नाही. परवाना आहे, कर भरतात, त्यांना कुणी चोर म्हणू नये. पण पुतण्याला पंधरा दिवस लपवून ठेवायचा अधिकार त्यांना त्या परवान्यानं मिळालेला नाही.

तुझे आई-बाबा खचले आहेत म्हणतेस. असतील. पण तीन वर्षं खचून राहायला त्यांना घर आहे, तू आहेस, नातेवाईक आहेत. मुलगा सात महिने आत होता तेव्हा मुलाकातीला कोण गेलं, हे तू लिहिलेलं नाहीस. मला विचारायचीही गरज वाटत नाही. म्हाताऱ्या माणसांना एकदम बदल असं मी सांगत नाही, त्यांच्याकडून आत्ता काही होणार नाही. तुझ्याकडून होईल. तू त्याची बहीण आहेस आणि तो अजून तुझ्याशी बोलतो.

'मला चालेल, ताई' यावर विसंबून राहू नकोस. तो काहीही चालवून घेईल. वरच्या खोलीत एकट्यानं जेवणं त्यानं चालवून घेतलं, तसंच हेही.

तेव्हा पुढच्या तारखेला तू त्याच्याबरोबर जायचं. एवढंच माझं सांगणं आहे. पतसंस्थेत रजा टाकायची, पहाटे त्याच्याबरोबर एसटीत बसायचं आणि त्या बाकावर त्याच्या शेजारी, त्या दोघांच्या आणि त्याच्या मध्ये बसायचं. फार काही बोलायची गरज नाही. डबा ने. पुकारा झाला की तूही आत जा, मागच्या बाजूला बसू देतात. नंतर वकिलांना गाठ आणि विचार, आरोप निश्चित झालेत का, किती साक्षीदार झाले, किती राहिले, रासायनिक तपासणीचा अहवाल काय म्हणतो. बहिणीनं येऊन विचारलं की वकीलही फाईल नीट उघडतात. कुणी ओळखीचं दिसेल अशी भीती वाटेल. दिसू दे. कोर्टात आलेला माणूस स्वतःच्या कामाला आलेला असतो.

परत आलीस की दुसऱ्याच दिवशी होणाऱ्या नवऱ्याला भेट आणि सगळं सांग. साखरपुड्याच्या आधी, तू स्वतः, काकांना मध्ये न घालता. आज सांगायला बसलीस तर नुसतं रडशील आणि त्याला वाटेल काहीतरी भयंकर लपवलेलं आहे. कोर्टात जाऊन आलेली असलीस तर तो विचारील त्याला तुझ्याकडे उत्तर असेल. केस कुठल्या टप्प्यावर आहे, शिक्षा झाली तर किती होऊ शकते, भाऊ आता काय करतो. शांतपणे सांगता येईल. समजूतदार आहे असं तूच म्हणतेस, मग त्याला समजून घ्यायची संधी तर दे. आणि हे ऐकून तो उठून गेला, तर साखरपुड्याआधी गेलेला बरा.

मस्कतचं तर डोक्यातून काढून टाक. ई-कोर्टच्या ॲपवर आरोपीचं नाव टाकलं की केस कुठे आहे, पुढची तारीख कधी आहे, सगळं दिसतं. सासरच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला त्यासाठी दोन मिनिटं पुरतील. शिवाय फौजदारी खटला चालू असलेल्या माणसाला कोर्टाच्या परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही, हे सासरकडच्या कुणा वकिलाला लगेच कळेल. आणि मामाच्या गावी ठेवलेल्या मुलाची त्या पंधरा दिवसांत तारीख आली आणि कुणाच्या धाकानं तो गेला नाही, तर पोलीस वॉरंट घेऊन थेट तुमच्या घरी येतील, दारात मांडव असताना. लग्नाच्या आसपास तारीख पडलीच तर वकिलांना आधी सांगा, ते लग्नाचं कारण देऊन अर्ज करतील, पत्रिका जोडतील. कोर्टं असे अर्ज रोज बघतात.

कानपिळी त्यानंच करायची. लाजाहोमाला तुझ्या ओंजळीत लाह्या त्यानंच घालायच्या. यावर घरात वाद होणार. तुझा हट्ट म्हणून सांग, नवरीचा हट्ट आपल्याकडे अजून चालतो.

पण ते पुढचं. त्याची पुढची तारीख नेमकी कोणती, हे तुला माहीत नसणार, म्हणून आज रात्री तो कामावर जायच्या आधी वर जा आणि विचार. कशाला विचारतेस म्हणेल. मी येते आहे म्हण. तो नको म्हणेल, तुझं लग्न आहे म्हणेल, लोक बघतील म्हणेल. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. दोन तिकिटं काढ.

— माई