पोमेरेनियनच्या गुडघ्याचं ऑपरेशन फसलं, दाद कुठे मागायची?

प्रश्न : आमच्या सहा किलोच्या पोमेरेनियनचं गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन केलं, ३८ हजार गेले. तीन महिने झाले, ती पाय टेकवत नाही. इथले लातूरचे डॉक्टर म्हणतात, गुडघ्याची वाटीही सरकते, ते आधीच बघायला हवं होतं. दवाखाना कागद देत नाही. वर म्हणतो, तुम्हीच जिन्यावर सोडलं. केस होईल का? – एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, केस होईल, पण नुसत्या ‘पाय बरा झाला नाही’वर ती टिकायची नाही. साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू या वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यातल्या निकालात सांगितली आहे. लिगामेंट तुटलं की लहान कुत्र्यांत सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा दोरा बांधणं ही मान्य पद्धत आहे आणि तो दोरा सैल पडू शकतो. तिथे तुमची बाजू कमजोर आहे. खरा मुद्दा वाटीचा. छोट्या जातींत ती सरकणं नेहमीचंच, मग ऑपरेशनआधी हाताने तपासली होती का? धोके सांगून सही घेतली होती का?

म्हणून आधी कागद. केसपेपर, एक्स-रे, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद लेखी मागा, पोचपावती जपा. माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी आहे. जिन्याचं म्हणाल, तर अशा ऑपरेशननंतर काही आठवडे जिने-उड्या बंद ठेवायच्या असतात. पण तसं तुम्हाला सांगितलं होतं का? त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका.

केससाठी दुसरं ऑपरेशन मात्र लांबवू नका. त्या मुक्या जिवाला तारखा कळत नाहीत. त्याआधी एक्स-रे आणि ती चालतानाचा व्हिडिओ घ्या, उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून लेखी अभिप्राय मागा. तज्ज्ञाच्या कागदाविना ग्राहक आयोगापुढे निभाव लागणं कठीण. जुना दोरा निघाला तर तुटलेला की सुटलेला, हे सर्जनकडून लिहून घ्या आणि तो डबीत तारीख घालून ठेवा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता तिथेच, लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. संभाजीनगरला खेटे नकोत. तुमच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. राज्य पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करता येते, पण भरपाई तिथून मिळत नाही. पोलिसांत जाऊ नका. जनावराला इजा करण्याच्या गुन्ह्याला हेतू किंवा जाणीव लागते, ती इथे दिसत नाही.

कागदांची मागणी याच आठवड्यात पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या.