एफडी मोडून रोबोट किटचा लॉट घ्यावा का?

नमस्कार. तुमचं पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं पैशांपुरतं आधी मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही पुढचं कळेल. वय ३८, नोकरी पक्की, घराचा हप्ता चालू, एसआयपी चालू, क्रेडिट कार्डावर थकबाकी नाही. सगळं जाऊन महिन्याला पगाराच्या साधारण २० टक्के हातात उरतात. एफडीत चार पगारांएवढी रक्कम आहे आणि तोच तुमचा इमर्जन्सी फंड. आता ओळखीतला एक जण त्याचा लेगोचा सगळा पसारा विकतोय, त्यात एक ईव्ही३, एक उघडलेला रोबोट इन्व्हेंटर (हे दोन्ही लेगोचे रोबोट किट), दोन मोठे डबे भरून टेक्निकचे, म्हणजे लेगोच्या गिअर-ॲक्सलवाल्या मालिकेचे, सुटे पार्ट आणि काही सीलबंद मोठे सेट. सगळं एकत्र घेतलं तर दोन पगार जाणार आणि त्याला दहा दिवसांत उत्तर हवंय. तुम्ही विचारताय की निम्मी एफडी मोडू की बारा महिन्यांच्या हप्त्यावर घेऊ, आणि कारणं तीन दिलीयत: सीलबंद सेटची किंमत वाढते, शनिवार-रविवार रोबोटिक्सचे क्लास काढता येतील, आणि नऊ वर्षांच्या मुलीला कोडिंग येईल. बायकोचं म्हणणं, खेळण्यांवर दोन पगार?

सरळ सांगतो, एफडीही मोडू नका आणि हप्तेही नकोत. छंदाला माझा विरोध नाही हं. मुलीच्या एका टेक्निक सेटवर तुम्ही वर्षभर गिअरबॉक्स बनवताय, मोडताय, परत बनवताय असं लिहिलंय, म्हणजे हे दोन आठवड्यांचं खूळ नाही. माझा आक्षेप आहे तो हा खर्च तुम्ही गुंतवणूक म्हणून लिहिताय त्याला. खर्च आहे तर खर्च म्हणूनच लिहा, मग किती करायचा ते नीट ठरवता येतं. एकदा गुंतवणूक म्हटलं की माणूस इमर्जन्सी फंडाला हात लावायलाही तयार होतो, तेच चाललंय इथे.

हप्त्यांचं गणित आधी संपवू. दोन पगार भागिले बारा, म्हणजे महिन्याला पगाराच्या जवळजवळ १७ टक्के, त्यावर व्याज किंवा प्रोसेसिंग फी वेगळी. उरतात तुमचे २०. म्हणजे वर्षभर हातात उरणार फक्त तीन टक्के, आणि त्यात फ्रिज बिघडला की कार्ड स्वाइप. एफडी मोडली तर दोन पगारांचा फंड उरतो, घराचा हप्ता असलेल्या माणसाला तो कमी आहे, मला तर चारही कमीच वाटतात.

आता लॉटबद्दल, कारण खरी गंमत त्यात आहे. तुम्ही सगळ्याचा एकच भाव धरलाय पण त्यात दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. एक म्हणजे प्लास्टिक: बीम, ॲक्सल, पिना, गिअर. टेक्निकची मालिका १९७७ मध्ये सुरू झाली, त्या वेळचा २४ दातांचा गिअर आजच्या ॲक्सलवर तसाच बसतो आणि आजच्या ८ दातांच्या गिअरशी तसाच जुळतो. जवळजवळ पन्नास वर्षं. घरातली दुसरी कुठली वस्तू एवढी वर्षं नव्या पार्टशी जुळून राहते सांगा. दुसरी जात म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स: हब (रोबोटचा मेंदू असलेला डबा), मोटर, सेन्सर, वायरी आणि ज्यावर हे सगळं चालतं ते ॲप. त्याचा इतिहास बघा. लेगोच्या रोबोट किटच्या मालिकेचं नाव माइंडस्टॉर्म्स, तिचा पहिला आरसीएक्स १९९८ ला आला, एनएक्सटी २००६ ला, ईव्ही३ २०१३ ला, रोबोट इन्व्हेंटर २०२० ला, आणि २०२२ च्या शेवटी कंपनीने माइंडस्टॉर्म्स बंदच केलं. म्हणजे दर सात-आठ वर्षांनी नवी पिढी, आणि शेवटची तर दोन वर्षंच विकली गेली.

वर जोडण्या बदलतात. एनएक्सटीच्या मोटर ईव्ही३ ला चालतात, पण ईव्ही३ ची वायर रोबोट इन्व्हेंटरच्या हबमध्ये बसतच नाही, सॉकेटच वेगळं. तुमच्या लॉटमध्ये या दोन्ही पिढ्या आहेत आणि तुम्ही "दोन्ही मिळून आठ-दहा मोटर होतील, मोठा रोबोट करता येईल" असं लिहिलंय. तसं होणार नाही, दोन वेगवेगळे छोटे संसार होतील आणि त्यातला एक कपाटात पडून राहील. मी तरी एकच पिढी घ्या म्हणेन, आणि ती रोबोट इन्व्हेंटरची, कारण त्या सॉकेटच्या मोटर कंपनीच्या इतर सेट्समध्येही येतात, हबला सहा पोर्ट आहेत आणि कुठल्याही पोर्टला मोटर लावा नाहीतर सेन्सर लावा, चालतं. कंपनीचं ॲप उद्या नसलं तरी पायब्रिक्स नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे हबच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, आहे, ब्राउझरमधून ब्लूटूथवर पायथॉन या भाषेत लिहिलेले प्रोग्राम टाकता येतात. हबच दगावला तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी २०२१ मध्ये बिल्ड हॅट नावाचा बोर्ड आलाय, त्यावर याच मोटर चालवता येतात. ईव्ही३ पण बिचारा मेलेला नाही बरं का, आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि मायक्रोएसडी कार्डाचा खाचा आहे त्यामुळे कार्डावरून मायक्रोपायथॉन, म्हणजे पायथॉनचंच छोटं रूप, चालतं, जुन्या मशीनवर जीव असणाऱ्यांना मजा आहे. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन्हीला पैसे घालायचं कारण नाही.

तर भाव करताना हे डोक्यात ठेवा. सुट्या पार्टांना वजनावर किंवा डब्यावर बरा भाव दिलात तरी हरकत नाही, ते पैसे वाया जात नाहीत, उद्या कंटाळा आला तर तेच पार्ट दुसरा कोणी घेईल. हब आणि मोटरांना मात्र तेवढाच भाव द्या जेवढा तीन-चार वर्षांत शून्य झाला तरी तुम्हाला झोप लागेल.

सीलबंद सेट. याबद्दल तुम्ही जे वाचलंय ते अगदीच हवेतलं नाहीये. रशियातल्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांवर सेट्सच्या किमती तपासल्या आणि न उघडलेल्या सेट्सचा सरासरी परतावा वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. लोक एवढंच वाक्य फिरवतात. त्याच अभ्यासात तोट्यात गेलेले सेटही आहेत, आणि वाढ दिसते ती कंपनीने सेट विकणं थांबवल्यावर दोन-तीन वर्षांनी. सरासरी ही शेकडो सेट्सची असते, तुमच्याकडे येणार मोजके खोके, तेही विकणाऱ्याने निवडलेले आणि आजच्या चढ्या भावाने, म्हणजे जी वाढ व्हायची ती बरीचशी त्याच्या खिशात गेली. त्यात साठवायला कोरडी जागा, विकताना वेबसाइटचं कमिशन, कुरिअरमध्ये खोक्याचा कोपरा दबला की भाव खाली. एसआयपीतले पैसे काढायला नुसतं बटण दाबावं लागतं, इथे आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आणि तुमच्या यादीतल्या सीलबंद सेटांत लीबहेर आर ९८०० एक्सकॅव्हेटर, म्हणजे खोदकामाच्या मशीनचं मॉडेल, आहे, २०१९ चा, ४१०८ तुकडे, सात मोटर, दोन हब. बघायला राक्षस आहे, मान्य. पण तो चालतो फोनवरच्या ॲपवर. खोकं सीलबंद ठेवलंत तर आतल्या मोटर चालतात की नाही ते बघता येत नाही, आणि बघायला उघडलंत की सीलबंदचा जास्तीचा भाव गेला. शिवाय दहा वर्षांनी तेव्हाच्या फोनवर ते ॲप चालेल याची हमी कोण देणार? साधे, बिनमोटरचे सेट त्या मानाने बरे. पण मला विचाराल तर तुम्ही बांधणारे आहात, साठवणारे नाही, समोर खोकं ठेवून ते न उघडता बसणं तुम्हाला जमणार नाही आणि जमू पण नये. सगळे सीलबंद खोके सोडून द्या, तुमच्याच हिशोबाने लॉटच्या किमतीतला तिसरा हिस्सा तिथेच वाचतो.

क्लासचं. सहा मुलं धरलीत तर दोघांत एक म्हणून तीन किट लागतील, तुमच्याकडे असणार एक. वर ते किट बंद झालेलं, म्हणजे एखादा सेन्सर मुलांनी पाडला की सेकंडहँड शोधा. पिना तर दर वर्गाला हरवणारच, त्या चपलेला चिकटून घरी जातात. ज्या धंद्यात अजून एक रुपया आला नाही त्याच्या भरवशावर आज खर्च करायचा नसतो. करायचंच असेल तर आधी सोसायटीतल्या दोन मुलांना तुमच्याकडे आहे त्याच टेक्निक सेटवर चार रविवार शिकवा, हबशिवाय, नुसते गिअर. पाचव्या रविवारी ती आपणहून आली तर बोलू. आणि हो, क्लासच्या नावात कंपनीचं ब्रँडनेम घालू नका, ट्रेडमार्कचा वाद ओढवून घ्याल.

मुलीसाठी एवढंच, नऊ वर्षांच्या पोरीला ८ दातांच्या गिअरने २४ चा फिरवला तर वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तिप्पट होतो हे हाताने कळणं हे कुठल्याही कोडिंगइतकंच मोलाचं आहे, आणि ते तुमच्या घरात आत्ता आहे. ब्लॉक सरकवून कोडिंग शिकायला स्क्रॅच नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

वहिनींना खेळण्याबद्दल सांगायचं असेल तर एक गोष्ट सांगा. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री नावाचे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या पार्टांतून डिफरन्शियल ॲनलायझर बांधला, समीकरणं सोडवणारं यंत्र, आणि त्यावर खरं संशोधनाचं काम झालं. मेकॅनो म्हणजे फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं भोकाभोकाच्या पत्र्यांचं खेळणंच. पण ही गोष्ट पूर्ण सांगा, नाहीतर वहिनी तुम्हालाच धरतील: हार्ट्रींनी आधी साधारण २० पौंडांत ते मॉडेल करून दाखवलं, ते चाललं, मग त्याच्या जोरावर देणगी मिळाली आणि मोठं यंत्र बनलं. आधी मोठं यंत्र घेतलं नाही.

तर करायचं काय. हातात उरणाऱ्या २० टक्क्यांपैकी निम्मे, म्हणजे पगाराच्या १० टक्के, एका वेगळ्या बचत खात्यात टाका आणि ते छंदाचं खातं. त्यातून काय घेतलं याचा जाब कोणी कोणाला विचारायचा नाही, वहिनींचंही त्यांच्या छंदाचं तसंच खातं असू दे, हे मी गंमतीने म्हणत नाहीये, घरातली निम्मी भांडणं इथे मिटतात. बाकीचे १० टक्के एफडीच्या शेजारी, फंड सहा पगारांचा होईपर्यंत. विकणाऱ्याला सांगा की मला रोबोट इन्व्हेंटर आणि सुट्या पार्टांचा एक डबा हवाय, बाकीचं तुम्ही दुसऱ्याला द्या. हे अर्ध्या पगारात बसलं तर घ्या. छंदाच्या खात्यात तेवढे जमायला पाच महिने लागतील, ओळखीचा आहे तर थोडे आत्ता थोडे नंतर चालतील का विचारा. नाही म्हणाला तर जाऊ दे. दहा दिवसांची मुदत ही त्याची अडचण आहे, तुमची नाही, आणि लाखोंनी विकल्या गेलेल्या वस्तूंचा लॉट परत येतोच.

तोवर रिकामं बसायला नको. स्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात मॉडेल आधी स्क्रीनवर बांधा, ते पार्टांची यादी काढून देतं, मग नेमके तेवढेच सुटे पार्ट मागवता येतात. रीब्रिकेबल या वेबसाइटवर तुमच्याकडच्या सेटचा नंबर टाकलात की त्याच तुकड्यांत दुसरं काय होतं ते दिसतं. या दोन्हींनी खर्च एवढा आटोक्यात राहतो की लॉट घ्यायची घाई आपोआप कमी होते.

घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी हब चार्ज करून बघा, अर्धा तास चालू ठेवा, बॅटरी किती उतरते बघा. प्रत्येक मोटर एकेक करून प्रत्येक पोर्टला लावा आणि हाताने फिरवा, मोटर किती फिरली ते दाखवणारे स्क्रीनवरचे अंश सरकत जायला हवेत, अडखळले किंवा उडी मारली तर ती मोटर बाजूला आणि भाव कमी. ईव्ही३ गळ्यात मारतच असेल तर मागचं झाकण काढून सेलच्या स्प्रिंगा बघा, हिरवट-पांढरी पूड दिसली की सेल आत गळलेत, तो फुकटातच घ्यायचा. सुट्या पार्टांत ॲक्सल जिथे घुसतो त्या तोंडाशी केसासारखी चीर आहे का बघा, नखाने कळते.

आणि एक राहिलं. एवढ्या मोठ्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा एक शब्द नाहीये. घराचा हप्ता आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे, पॉलिसी असेल तर कव्हर किती आहे ते कळवा, नसेल तर छंदाच्या खात्यातला पहिला हप्ता तिकडे जाईल आणि रोबोट एक महिना पुढे सरकेल.