आरसे आणि उजेड वापरून इन्स्टॉलेशन, म्हणजे आत शिरून बघायची कलाकृती, करायची आहे, पैसे कमी आहेत. लातूरसारख्या ठिकाणी सुरुवात कुठून करू?

आरसे सगळ्यात शेवटी घ्या. आधी पूर्ण अंधार करता येईल अशी एक खोली शोधा.

मी अंबाजोगाईजवळच्या एका पडीक वाड्यात काम केलं. खोलीवर माळवद, म्हणजे लाकडं आणि मातीचं सपाट छत, आणि माळवदात उजेडासाठी ठेवलेलं भोक. दारं-खिडक्या गोणपाटानं बुजवल्या आणि तीन दिवस नुसता बसून कवडसा बघत राहिलो. भोकावर पत्रा ठेवून त्याला बारीक चौकोनी छिद्र पाडलं, तरी खाली कवडसा गोलच! तो छिद्राचा आकार नसतोच, सूर्याचं चित्र असतं. मे महिन्यात दुपारी, दहा फुटांवरून, साधारण इंचभर. हे स्वतः बघितल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही.

माझी मोठी चूक वेळेची झाली. सकाळी अकराला आरसे पक्के केले आणि लोकांना बोलावलं चारला. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे कवडसा केव्हाच आरसे सोडून भिंतीवर चढला होता. आलेली माणसं तशीच परत गेली, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी वेळच ठरवून टाकली: साडेअकरा ते सव्वाबारा. आरसा 1 अंश कलला तर झोत 2 अंश सरकतो, म्हणून आरसे ओल्या मातीच्या गोळ्यांवर बसवा, हातानं हवे तसे वळवता येतात.

आरशांपेक्षा पाण्यानं जास्त काम केलं. कवडशात पितळी परात भरून ठेवली आणि माळवदाच्या लाकडांवर उजेड थरथरायला लागला. एका आजींनी पाण्याला बोट लावलं, सगळं छत हललं. त्या बोट तसंच ठेवून वर बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ.

माणसांना आत थोडं थांबवा. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात; निदान दहा तरी द्या. हवेत काही नसेल तर झोत दिसतच नाही, चिमूटभर ऊद जाळला तर त्याचा धूर पुरतो.

आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. अजिंठ्याला पूर्वी आरसे आणि पांढरी कापडं धरून ऊन लेण्यात घेत आणि चित्रं दाखवत. आणि 2003 साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ओलाफुर एलियासन या कलाकारानं पिवळ्या दिव्यांचा अर्धाच सूर्य लावला होता, उरलेला अर्धा छताच्या आरशानं पुरा केला. तेव्हा कमी पैशांची चिंता करू नका, अर्धंच करा आणि उरलेलं बघणाऱ्याच्या डोळ्याला करू द्या.

काचवाल्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. कडा मात्र घासून घ्या, आणि झोत कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही हे लोक यायच्या आधी स्वतः उभं राहून, मग लेकराच्या उंचीला बसून तपासा.