आजीच्या गोष्टीत कॅसल का नाही? मनूला पत्र

प्रिय मनू,

तू विचारलंस की आजीच्या गोष्टीत कॅसल का नसतो, प्रिन्सेस का नसते, नुसता भोपळा, चिमणी, कावळा आणि शेण का, आणि शाळेत प्रत्येकाने आपल्या घरातली एक फेअरी टेल सांगायची होती तेव्हा तुला म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगायला लाज वाटली. गाडी चालवता चालवता नीट सांगता येईना म्हणून लिहितोय, आणि मराठीतच लिहितोय, कुठे अडलं तर आईला विचार.

राजे-राण्या आपल्याकडे पण आहेत बरं का. श्रावणात आजी ज्या कहाण्या वाचते त्या "आटपाट नगर होतं" अशाच सुरू होतात आणि त्यात राजा असतो, त्याची आवडती राणी, नावडती राणी सगळं असतं. पण तुला झोपवताना आजी भोपळ्याचीच गोष्ट सांगते, कारण ती लहान मुलांसाठीच आहे आणि त्यातलं सगळं गावात रोज दिसणारं आहे. छपरावर भोपळ्याचा वेल चढलेला, लेक लग्न होऊन लांबच्या गावी गेलेली, मधे जंगल, जंगलात वाघ, आणि लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन लठ्ठ होऊन यायचं ही म्हातारीची हौस. काऊचं घर शेणाचं, कारण गावाकडे जमीन शेणाने सारवतात, शेण ही तिथे घर करायचीच वस्तू आहे, आणि आपल्याकडचा पाऊस असा की शेणाचं घर वाहून जाणारच.

आता अमेरिकेतल्या आपल्या या इलिनॉय राज्यातलाच एक माणूस बघ. आपल्या नेपरव्हिल स्टेशनवर अॅमट्रॅकची एक ट्रेन थांबते, तिचं नाव कार्ल सँडबर्ग. हा खरा माणूस, कवी, १८७८ साली गेल्सबर्गला जन्मला, तीच ट्रेन पुढे तिथे पण थांबते. त्याचे आईवडील स्वीडनहून आलेले, म्हणजे आपल्यासारखंच दुसऱ्या देशातून आलेलं घर, वडील रेल्वेत कामाला. शिकागोवर, तिथल्या कामगारांवर त्याने एकदम दणकट कविता लिहिल्या. त्याला तीन मुली होत्या, आणि त्यांच्यासाठी गोष्टी रचताना त्याला वाटलं की अमेरिकेतल्या मुलांना युरोपातले किल्ले आणि सरदार कशाला, त्यांनी जे कधी बघितलंच नाही ते. म्हणून १९२२ साली त्याने 'रूटाबागा स्टोरीज' काढलं. त्यात डुकरांच्या गळ्यात लाळेरी आहेत, एकाला चौकड्यांचं, एकाला पट्ट्यापट्ट्यांचं, एकाला ठिपक्यांचं. एक बाबा पोरांना नावंच ठेवत नाही, बोलायला लागल्यावर पोर जे पहिलं बोलेल तेच त्याचं नाव. क्रीम पफचं एक गाव आहे, ते इतकं हलकं की वाऱ्याने उडून जाईल म्हणून दोरीने बांधून ठेवलंय. त्याच्याकडे परी पण आहे, पण ती मक्याच्या शेतात राहते आणि ओव्हरऑल्स घालते आणि खूप काम करते! आपण गाडीने जातो तेव्हा दोन्ही बाजूंना मकाच मका असतो ना, त्यातलीच ती परी. आणि दोन स्कायस्क्रेपर एकमेकांशी कुजबुजत ठरवतात की आपल्याला मूल हवं, ते मोकळं फिरणारं हवं, आपल्यासारखं एका जागी उभं नको, आणि त्यांना मूल होतं ती एक ट्रेन. (शेवट दुःखी आहे, तो आपण एकत्र वाचू.)

म्हणजे बघ, त्याने मका, डुकरं, रेल्वे घेतली, आणि आजीच्या गोष्टीने भोपळा आणि शेण घेतलं. मला तर दोन्ही गोष्टी सख्ख्या बहिणी वाटतात.

तेच तेच परत का म्हणतात हे पण तू विचारलं होतंस. "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" दर वेळी येतं ते तू बरोबर म्हणावंस म्हणून, चिऊ दार उघडत नाही आणि "थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते", मग तीट लावते, मग पावडर लावते, तेव्हा पुढचं तुला आधीच माहीत असतं आणि तू आजीच्या आधी ओरडतेस. सँडबर्ग पण हेच करतो, लांबलचक नावं प्रत्येक वेळी पूर्णच्या पूर्ण म्हणतो, जराही शॉर्ट करत नाही. मनातल्या मनात वाचलं तर कंटाळा येईल, मोठ्याने वाच, मग कळेल.

आणि कवीने मुलांसाठी असं वेडं काहीतरी लिहायचं हे आपल्याकडे पण झालंय. विंदा करंदीकर म्हणून फार मोठे कवी होते, कोकणातले, १९१८ चा जन्म, २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांनी 'एटू लोकांचा देश' लिहिलं, एका अजब देशाच्या कविता, शिवाय पिशीमावशी आणि तिच्या भुतांवर एक अख्खं पुस्तक. पिशीमावशी आपल्या कपाटात आहे, वरच्या खणात, मला काढून द्यायला सांग.

शाळेत परत विचारलं तर भोपळ्याचीच सांग. टुणूक टुणूक मराठीतच म्हण आणि सगळ्या वर्गाला म्हणायला लाव. आणि रविवारी कॉलवर आजीला त्या दोन स्कायस्क्रेपरची गोष्ट तू सांग, तिने ती कधी ऐकलेली नाही.

तुझा,
बाबा