चरबी भोक बुजवत नाही

लठ्ठ रुग्णाच्या पोटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाल्यावर १० किंवा १२ मिलिमीटरची छिद्रे हाताने शिवावीत की सुई-पासरने (पोटाच्या भिंतीतून धागा आरपार नेणाऱ्या सुईसारख्या उपकरणाने), आणि कातडीला टाके घालावेत की ग्लू लावावा, असे आपण विचारले आहे. कातडीचा वाद मला बिनमहत्त्वाचा वाटतो. हाताला जे सवयीचे असेल ते करावे. खरा प्रश्न पाच-सहा सेंटिमीटर खाली असलेल्या फॅसियाचा, म्हणजे स्नायूंवरच्या मजबूत पडद्याचा, आहे, आणि तो शिवल्याचे खोटे समाधान मी स्वतः एकदा करून घेतले आहे.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर होतो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, बाईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४१, यादीतली शेवटची केस. खडे मोठे असल्यामुळे पित्ताशय बाहेर काढताना बेंबीच्या वरचे छिद्र आर्टरी फोर्सेप्स या चिमट्याने ताणून रुंद करावे लागले होते. हातमोजे काढता काढता सर म्हणाले, "एवढी चरबी आहे, तीच भोक बुजवेल. एक टाका घे आणि आटप." मी छेदाच्या कडा बाजूला धरणारा लँगेनबेक रिट्रॅक्टर लावून आत पाहिले, तर पिवळ्या चरबीखेरीज काही दिसेना आणि छेदाच्या अरुंद तोंडात सुई वळेना. सुईवर जे आले त्यावर मी व्हिक्रिल या विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारली आणि नोंदीत 'पोर्ट बंद केला', म्हणजे छिद्र शिवले, असे लिहिले.

सहाव्या दिवशी बाई उलट्या होतात म्हणून परत आल्या. पोट फारसे फुगलेले नव्हते, वायू सरत होता, त्यामुळे दीड दिवस पित्ताचीच औषधे चालली. रिक्टर हर्निया असाच फसवतो: उघड्या राहिलेल्या छिद्रात आतड्याच्या भिंतीचा केवळ एक भाग अडकतो, आतला मार्ग खुला राहतो, आणि अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. जाड पोटावर हाताला गाठही लागत नाही. अखेर सीटी स्कॅनमध्ये दिसले. पोट उघडून गरम मॉप ठेवले, दहा मिनिटे वाट पाहिली, काळसर भागाचा रंग परतला नाही. तेवढे आतडे कापून जोडावे लागले. बाई बऱ्या झाल्या. विभागाच्या बैठकीत कारण 'रुग्णाचे वजन' असे नोंदले गेले आणि मी गप्प बसलो.

वजनामुळे शिवणे अवघड होते, हे खरेच आहे. पण लठ्ठ माणसाच्या पोटात दाबही जास्त असतो, म्हणून तेच नीट शिवण्याचे कारण ठरते. अशा रुग्णात मी पासरच वापरतो. पोटात वायू असतानाच, दुसऱ्या पोर्टमधून दुर्बिणीने पाहत, कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी फॅसिया आणि पेरिटोनियम (पोटाचे आतले अस्तर) मिळून धागा ओवायचा. जाड भिंतीत पासर तिरका जातो आणि आत भलतीकडेच निघतो, त्याकडे लक्ष हवे. मग व्हॉल्व्ह उघडून वायू पूर्ण जाऊ द्यायचा, नाहीतर पोर्टची नळी काढताना ओमेंटम (आतड्यावरचा चरबीचा पडदा) मागोमाग छिद्रात येते. गाठ बसल्यावर छिद्रात बोट घालावे. फॅसियाची कड बोटाला लागली, तर ते छिद्र अजून उघडे आहे असे समजावे.

५ मिलिमीटरची छिद्रे प्रौढांत मी सहसा शिवत नाही. बेंबीच्या वर, पात्याविना ट्रोकारने (छिद्र पाडणाऱ्या टोकदार उपकरणाने) तिरकी घातलेली १२ मिलिमीटरची छिद्रेही न शिवणारे अनुभवी बॅरिॲट्रिक (लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया करणारे) सर्जन आहेत, हेही सांगायला हवे. मात्र ताणून रुंद केलेल्या छिद्राला ती सवलत लागू होत नाही. शिवाय पासरने पोटाच्या भिंतीतली एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिनी दुखावू शकते, म्हणून तो आंधळेपणाने घालू नये.

सर अजूनही भेटले की म्हणतात, "तुझा टाका सुटला असणार." टाका सुटला नव्हता. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तो पाहिला आहे: गाठ शाबूत होती, बोराएवढ्या चरबीच्या गोळ्याभोवती.