उपवासाला बटाट्याऐवजी रताळे खाल्ले तर खरोखरच अधिक पोषण मिळते का?

ऊर्जेच्या बाबतीत दोन्ही कंद जवळजवळ सारखेच आहेत. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यातून सुमारे 77, तर रताळ्यातून सुमारे 86 किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे वजन कमी होईल या आशेने हा बदल करू नये. रताळ्यात तंतुमय पदार्थ थोडे अधिक, तर बटाट्यात पोटॅशियम काहीसे जास्त असते.

खरा फरक ‘अ’ जीवनसत्त्वाचा आहे आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. शरीर ज्यापासून हे जीवनसत्त्व तयार करते ते बीटा-कॅरोटीन नारिंगी गराच्या रताळ्यात भरपूर असते; पण आपल्याकडे आषाढी एकादशीला बाजारात येणारी रताळी बहुधा लाल सालीची आणि आतून पांढरी असतात, त्यांत ते अगदी अल्प असते. म्हणून सालीच्या रंगावर न जाता रताळे कापून आतला गर पाहावा. शिवाय बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जात असल्याने रताळ्याच्या किसाला चमचाभर तूप अवश्य घालावे.

मधुमेह असलेल्यांनी रताळे भाजण्यापेक्षा उकडून खावे, कारण भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर अधिक वेगाने वाढते. साखरेच्या पाकातले रताळ्याचे काप मात्र त्यांनी टाळावेत, असे मी आग्रहाने सांगेन.