लॉगाची रोजनिशी करू नका

प्रश्न असा आला आहे: "आमचं ॲप्लिकेशन क्लाउडवर कंटेनरांमध्ये चालतं. नव्या मुलांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. 'कंटेनरमधून लॉग्ज कलेक्ट करणे' याला काय लिहावं? 'रोजनिशी संकलन' बरं वाटतं का? आणि लॉगचं अनेकवचन काय?" (कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा; लॉग म्हणजे प्रोग्राम चालताना काय काय घडतं त्याची नोंद.)

'रोजनिशी संकलन' बरं वाटत नाही. का, ते सांगतो, पण आधी एक राग काढून घेऊ द्या. "प्रॉडक्शनवर लॉग आलाय, बघ जरा" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. लॉग येत नसतो हो. तो अखंड चालूच असतो, सगळं सुरळीत असतानाही. आलेली असते ती एरर, आणि ती लॉगात दिसते. एररला लॉग म्हणणं म्हणजे 'चोरी झाली' ऐवजी 'रखवालदार झाला' म्हणण्यासारखं आहे.

इंग्रजी 'लॉग'ची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती कुठल्याही कोशात सापडते. जहाजावरून दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडायचा, ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं, त्यावरून वेग काढायचा आणि वहीत मांडायचा. लाकूड गेलं, वहीला नाव राहिलं. कंटेनरांचा कारभार पाहणारी यंत्रणा 'कुबरनेटीस', तिचं नावही ग्रीकमधला सुकाणूवालाच. सगळा कारभार दर्यावर्दी. पुढे चला.

आता रोजनिशी. दिवस मावळल्यावर दिव्याखाली बसून लिहायची म्हणून 'निशी', हे स्पष्टीकरण मला एका मराठीच्या शिक्षकांनी अगदी ठासून दिलं होतं. निशेचा इथे काडीचा संबंध नाही. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडी त्याचा 'नीस' झाला: चिटणीस, पारसनीस, फडणीस. त्या लिहिण्याच्या कामाची ती 'निशी'. रोजचं लिहिणं ते रोजनिशी, मग ते भर दुपारी का लिहिलेलं असेना. शब्द उत्तम आहे, पण तो दिवसाला बांधलेला आहे. कंटेनरचं आयुष्य कधी कधी चाळीस सेकंदांचं असतं. त्याला कसला रोज?

आपल्याला हवा तो शब्द याच घराण्यात, शेजारच्या खोलीत बसला आहे: वाकनीस.

हे नाव संस्कृत 'वाक्'वरून किंवा 'वाक्या'वरून आलं असं सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा मोगली कारभाराकडे बघावं. तिथे 'वाकिआनवीस' नावाचा अधिकारी होता. वाकिआ म्हणजे घडलेली गोष्ट, आणि ती लिहिणारा तो वाकिआनवीस. दरबारात एक असेच, शिवाय सुभ्यासुभ्यात नेमलेला असे. सुभ्यात काय घडलं ते लिहून दरबाराकडे पाठवायचं, हे त्याचं काम. सुभा चालवणं हे काम नव्हे. नेमकी हीच रचना तुमच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे कुबरनेटीसच्या हाताखालच्या यंत्रांच्या ताफ्यात, आहे. ॲप्लिकेशनने आपल्या गोष्टी नुसत्या स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे प्रोग्रामच्या बोलण्याच्या ठरलेल्या वाटेवर, बोलून टाकायच्या. मग त्या गोष्टी नोडच्या, म्हणजे ताफ्यातल्या एकेका यंत्राच्या, डिस्कवर फायलींत उतरतात. प्रत्येक नोडवर डेमनसेटने (दर नोडला एकेक नेमणारी कुबरनेटीसची सोय) बसवलेला एकेक एजंट, म्हणजे लॉग उचलणारा छोटा प्रोग्राम, फ्लुएंट बिट म्हणा किंवा दुसरा कोणी, त्या फायली वाचतो, कुठल्या पॉडमधली (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांची जुडी), कुठल्या नेमस्पेसमधली (क्लस्टरमधला कप्पा) अशी खूण प्रत्येक नोंदीला लावतो आणि मध्यवर्ती साठ्याकडे धाडतो. पॉडच्या आतच साइडकार, म्हणजे मुख्य कंटेनरच्या शेजारचा मदतनीस कंटेनर, म्हणून बसवलेला एजंट मला मात्र आवडत नाही. मोगलांनाही सुभेदाराशी संगनमत करणाऱ्या वाकिआनवीसाची धास्ती असे, म्हणून गुप्त बातमीदार वेगळे नेमत. साइडकार पॉडच्याच ताटात जेवतो आणि पॉड गेला की त्याच्याबरोबर जातो.

आपल्याकडे दत्ताजीपंत वाकनीस हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर प्रधानांची फारसी नावं बदलली: पेशव्याचा मुख्यप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव आणि वाकनीसाचा मंत्री झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशामागचा हेतू मोठा होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याचा दाखला देऊन आज प्रत्येक यंत्राला संस्कृत टोपडं घालणाऱ्यांना एक विचारतो. 'मंत्री' ऐकून तो माणूस काय करतो ते कळतं का? 'वाकनीस' या नावात त्याचं अख्खं काम लिहिलेलं आहे. लॉगाला 'अभिलेख' म्हणा असा आग्रह धरणारी मंडळी तीच चूक पुन्हा करतात. पुराभिलेखागारात जपायचा तो अभिलेख. तुमच्या हेल्थ-चेकच्या ('जिवंत आहेस ना?' ही विचारणा) दर दहा सेकंदांनी पडणाऱ्या ओळीला अभिलेख म्हणाल तर ताम्रपटाला काय म्हणाल?

आणि खरी मौज पुढे आहे. अरबीत या 'वाकिआ'च्या धातूचा मूळ अर्थ 'पडणे'. जे येऊन पडलं ते घडलं. हिंदी सिनेमातला 'वाकई' त्याच धातूचा. आपला 'मोका' किंवा 'मौका'सुद्धा, म्हणजे मोक्याची जागा ही मुळात काहीतरी येऊन पडण्याची जागा. आता आपल्या ऑफिसात काय म्हणतात आठवा. सर्व्हर पडला. पॉड पडला. रात्री तीन वाजता पुन्हा पडला. अरबीचा गंधही नसलेल्या पोरांनी तो धातू बरोब्बर हुडकला आहे!

वाकिआचं मराठी रूप 'वाका'. लॉगातल्या एकेका घटनेला 'वाका' म्हटल्याने एक व्यवहारातला घोळही सुटतो. लॉग म्हणजे ओळी, असं डोक्यात बसलेलं असतं. जावाचं ॲप्लिकेशन कोसळलं की चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस (चूक कुठून कुठून आली त्याचा माग) ओकतं आणि एजंट साधेपणाने त्याच्या चाळीस नोंदी करतो. त्यांच्या मधेमधे त्याच नोडवरच्या इतरांच्या ओळी घुसतात, आणि साठ्यात शोधायला गेलं की नुसतं मुंडकं सापडतं, धड नाही. ओळी चाळीस असल्या तरी वाका एकच. म्हणून एजंटला बहुओळी नोंद जोडायला शिकवावं लागतं. हे मी नव्या मुलांना इंग्रजीत तीनदा समजावलं. 'ओळ वेगळी, वाका वेगळा' म्हटल्यावर एकदाच सांगावं लागलं.

'कलेक्ट'चंही तसंच. 'संकलन' हा शब्द निवांत आहे, कवितांचं संकलन होतं. कंटेनरचा लॉग मरणाच्या आधी उचलायचा असतो. कुबलेट, म्हणजे नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी, मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी साधारण १० एमबीची एक अशा ५ फायली ठेवतो, त्यापुढे जुन्या पुसतो. कंटेनर पुन्हा सुरू झाला तर 'प्रीव्हियस' म्हणून फक्त त्याच्या लगेच आधीच्या जन्माचा लॉग मिळतो. पॉड काढला किंवा ऑटोस्केलरने (गरजेप्रमाणे नोड वाढवणारी-घटवणारी यंत्रणा) नोडच परत केला, तर तोही नाही. एका जुन्या नोकरीत आमचा एक पॉड मेमरी संपून रात्रभर मरत आणि जन्मत होता. पहिला मृत्यू का झाला ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण त्या नोडवर वाकनीस नेमायचा राहून गेला होता. सकाळपर्यंत नोडही गेला होता. म्हणून मी 'वेचणे' म्हणतो. पारिजातक वेचतात तसं, पायाखाली जायच्या आत.

(उलटही होतं. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या लॉगसाठ्यात मुदत घातली नाही तर लॉग कधीच पुसले जात नाहीत, आणि मग बिलाचा वाका होतो.)

हो, तुमचा प्रश्न. माहितीपत्रकात 'लॉग' खुशाल ठेवा, तो आता टेबलाइतकाच मराठी आहे. फक्त 'लॉग्ज' नको. व्यंजनाने संपणारं पुल्लिंगी नाम मराठीत अनेकवचनात बदलत नाही: एक बैल, दोन बैल, एक लॉग, दोन लॉग. विभक्ती लागली की लॉगात, लॉगांमध्ये. एकेका नोंदीला 'वाका' म्हणा, अनेकवचन वाके. एजंटला 'वाकनीस' म्हणायचं धाडस होत नसेल तर एजंटच म्हणा, मी आग्रह सोडला. वाक्य असं होईल: 'प्रत्येक नोडवरचा एजंट कंटेनरांचे लॉग वेचून मध्यवर्ती साठ्यात पाठवतो.' आणि ते 'रोजनिशी संकलन' आजच खोडा.